कलाभवनाच्या गावात भाषा घडली पाहिजे

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. युरोपातले कृत्रिम रंग तेव्हा आपल्या बाजारात येऊन पडत होते. रंगारी डबा उघडायचा, पूड कालवायचा, कापड बुडवायचा. पुडीत काय आहे, ती सुताला का धरते, कधी धरत नाही, हे सांगणारं त्याच्या आसपास कोणी नव्हतं. कलाभवनानं रंगाईमागचं रसायन शिकवायला घेतलं, यंत्रविद्या शिकवली, आणि हे ज्ञान लोकांच्या भाषेत पोचावं असा आग्रह धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे 1907 मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन या नावांशी जोडलेली अलेम्बिक ही रसायनांची कंपनी याच गावात उभी राहिली. डबा विकत घेणाऱ्या गावात आतला माल तयार करणारी माणसं निर्माण झाली.

कलाभवनाची आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा झाली आहे. तिथून आणि शहराच्या आजूबाजूच्या खासगी कॉलेजांतून दरवर्षी कॉम्प्युटरचे पदवीधर बाहेर पडतात. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट या भाषा ते सराईतपणे वापरतात. पण त्या भाषा आत कशा चालतात हे विचारलं, तर बहुतेकांची अवस्था त्या रंगाऱ्यासारखी असते. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालेल अशा रूपात उतरवणारं साधन, हा विषय अभ्यासक्रमात आहे, पण त्यात पार्सिंगचे, म्हणजे प्रोग्रामचं व्याकरण उकलण्याचे, तक्ते हातानं भरण्यावर आणि ते परीक्षेत पुन्हा उतरवण्यावर भर असतो. प्रोग्राम चालू झाल्यावर खाली जे घडतं, म्हणजे रनटाइम, त्याला एखादा तास मिळाला तर मिळाला.

माझी मागणी साधी आहे. कॉम्प्युटर अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पदवी घेण्याआधी एक प्रोग्रामिंग भाषा तिच्या रनटाइमसकट, तळापर्यंत, बांधण्याचं काम स्वतः केलं पाहिजे. ती भाषा डायनॅमिक, म्हणजे बहुतेक निर्णय प्रोग्राम चालताना घेणारी, आणि निखळ ऑब्जेक्ट ओरिएंटेड असावी. ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती आणि तिच्यावर करायची कामं एकत्र बाळगणारी प्रोग्राममधली वस्तू. आणि या कामाला विद्यापीठानं सार्वजनिक पैसा द्यावा, कारण हा प्रश्न चार हौशी पोरांचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

निखळ ऑब्जेक्ट ओरिएंटेडच का, ते आधी सांगतो. जावामध्ये ऑब्जेक्ट आहेत, पण साधा आकडा ऑब्जेक्ट नाही. त्याचे नियम वेगळे, ऑब्जेक्टचे वेगळे, आणि दोन्हींच्या मधे ये-जा करण्याचे आणखी वेगळे. राखीव शब्द, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी अडवलेले, पन्नासच्या घरात. 1970च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली तेव्हा नियम एकच ठेवला: जे काही आहे ते ऑब्जेक्ट, आणि जे काही घडतं ते एका ऑब्जेक्टनं दुसऱ्याला मेसेज पाठवल्यामुळे घडतं. 3 + 4 म्हणजे 3 या ऑब्जेक्टला ‘+’ हा मेसेज आणि सोबत 4. राखीव नावं फक्त सहा.

या एका नियमाचे परिणाम दूरवर जातात. भाषेत ‘जर-तर’साठी वेगळी रचनाच लागत नाही. खरं आणि खोटं हे दोन ऑब्जेक्ट आहेत. त्यांना कोडचे दोन तुकडे देऊन विचारायचं, की यातला कोणता चालवायचा. ‘खरं’ पहिला चालवतो, ‘खोटं’ दुसरा. क्लास, म्हणजे एका जातीच्या ऑब्जेक्टचा साचा, तोसुद्धा ऑब्जेक्टच आहे, त्यामुळे चालू प्रोग्राममध्ये त्याला विचारता येतं की तुला कोणकोणते मेसेज समजतात, आणि नवा शिकवताही येतो. एखाद्या ऑब्जेक्टला न कळणारा मेसेज गेला, तर ‘हे तुला कळलं नाही’ असं त्यालाच मेसेज पाठवून कळवलं जातं, आणि पुढे काय करायचं ते तो ठरवतो. दोष शोधायचं साधन, म्हणजे डीबगर, तोही त्याच भाषेत लिहिलेला, चालू असताना उघडून पाहता येणारा. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ही अख्खी भाषा डोक्यात सामावून घेऊ शकतो. सी++ बद्दल हे कोणालाच म्हणता येणार नाही, आणि शिकण्यासाठी बांधायच्या वस्तूत हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता हा सार्वजनिक प्रश्न कसा, त्याकडे येतो. त्यासाठी नॉर्वेला जावं लागेल.

क्लास, सबक्लास, ऑब्जेक्ट या कल्पना प्रथम आल्या सिम्युला 67 या भाषेत. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी ती घडवली. न्यूगोर्ड मूळचे ऑपरेशन्स रिसर्चचे, म्हणजे कामाचं नियोजन गणितानं करण्याच्या शास्त्राचे. कारखान्यात काम कुठे तुंबतं, रांग का वाढते, अशा प्रश्नांचं प्रतिरूप त्यांना मशीनवर उभं करायचं होतं. कामाच्या जागी ज्या गोष्टी खऱ्या आहेत, यंत्र, गाडी, गिऱ्हाईक, त्याच प्रोग्राममध्ये दिसल्या तर कामाची जाण असलेल्या माणसालाही तो प्रोग्राम समजेल, ही ऑब्जेक्टमागची मूळ प्रेरणा. 2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना मिळाला. त्यांची ही बाजू पाठ्यपुस्तकात येते.

न्यूगोर्ड यांचं पुढचं काम मात्र आपल्या पुस्तकांत येत नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ते नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले. कारखान्यांत नियोजनासाठी कॉम्प्युटर येत होते. कोणाला कोणतं काम, किती वेळात, हे यंत्र ठरवू लागलं होतं. संघटनेचं म्हणणं होतं, की जे यंत्र आमचा दिवस ठरवतं ते आम्हाला समजलं पाहिजे, आणि कामगारांनी त्या यंत्रणांचा स्वतः अभ्यास सुरू केला. त्यातून पुढे मालक आणि कामगार यांच्यात करार झाले. नव्या यंत्रणेची माहिती कामगारांना मिळावी, आणि तज्ज्ञ नसलेल्यालाही कळेल अशा रूपात मिळावी, हा हक्क त्यात मान्य झाला. जगाला ऑब्जेक्ट देणारा माणूसच कामगारांच्या या हक्कासाठी उभा राहिला, हा मला योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे त्याचा प्रश्न एकच होता: यंत्रात जे मांडलंय ते माणसाला वाचता येतं का?

आपलं बडोदं कारखान्यांचं शहर आहे. कोयलीची रिफायनरी, खताचा कारखाना, मकरपुऱ्याच्या वर्कशॉपा. तिथला ऑपरेटर आज पडद्याकडे बघून काम करतो. कारखान्याबाहेरचा माणूसही तेच करतो. रेशन, पेन्शन, घरपट्टी, बँक, सगळीकडे पडद्यावर ‘नामंजूर’ उमटतं आणि समोरचा कारकून म्हणतो, ‘सिस्टिम घेत नाही.’ का घेत नाही, हे शोधून सांगणारा माणूस त्या साखळीत कोठेही नसतो. हल्ली कायद्याचं आणि गुप्ततेचं कुलूप हा त्यातला निम्माच भाग आहे. जावाचं हॉटस्पॉट हे रनटाइम 2006 नंतर खुलं झालं, पायथन तर पहिल्यापासून खुली. कुलूप नाही, पण आत जाऊन वाचणारं आपल्याकडे कोणी नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, गंभीर छिद्र सापडलं, तेव्हा जगभरच्या बँका, सरकारं आणि कंपन्या रात्री जागून धावपळ करत होत्या. ती लायब्ररी मोजके स्वयंसेवक सांभाळत होते. इतक्या लोकांचा भार ज्या पायावर आहे, तो पाया समजणारी माणसं किती थोडी आहेत, हे तेव्हा दिसलं. ही माणसं आपोआप तयार होत नाहीत. ती कोणीतरी ठरवून तयार करावी लागतात.

ती तयार होतात रनटाइम बांधताना. म्हणून या भागात जरा रेंगाळतो.

पहिलाच पेच आकड्याचा. 3 हा ऑब्जेक्ट म्हटला तर प्रत्येक 3 साठी मेमरीत जागा अडवायची का? तसं केलं तर साधी बेरीजही रांगत चालेल. यावरची युक्ती जुनी आणि सुंदर आहे. मेमरीतल्या ऑब्जेक्टचे पत्ते आठच्या पटीत ठेवले, की पत्त्याचे शेवटचे तीन बिट, म्हणजे 0-1 चे अंक, नेहमी शून्य असतात. त्यातला एक बिट खूण म्हणून वापरायचा: तो 1 असेल तर हा पत्ता नाही, हा आकडाच आहे. भाषेच्या नजरेत 3 पूर्ण ऑब्जेक्ट राहतो आणि मेमरीत वेगळी अशी एक बाइटही जागा घेत नाही. बेरीज-गुणाकार मावेनासा झाला, की रनटाइम गुपचूप मोठ्या आकड्याचा ऑब्जेक्ट तयार करतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याची खबरही लागत नाही.

याचं महत्त्व कळायला 13 चं फॅक्टोरियल, म्हणजे 1 ते 13 चा गुणाकार, काढून पाहावं. खरं उत्तर 6,22,70,20,800. जावाच्या साध्या 32 बिटी आकड्यात तेच काढलं तर उत्तर येतं 1,93,20,53,504. तक्रार नाही, इशारा नाही. उत्तर दिसायला अगदी खऱ्यासारखं असतं. आकडा मावला नाही तर काय व्हावं, हा भाषा घडवणाऱ्याचा निर्णय असतो आणि त्याचे परिणाम भलत्यालाच भोगावे लागतात. 4 जून 1996 ला युरोपचं एरियान 5 रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत नष्ट झालं. 64 बिटांतला एक आकडा 16 बिटांत कोंबताना तो मावला नाही, आणि त्या वेळी काय करायचं हे लिहिलेलं नव्हतं. आपल्या विद्यार्थ्यानं हा निर्णय एकदा स्वतः घेतला पाहिजे, म्हणजे पुढे पगारपत्रक किंवा वीजबिल लिहिताना तो हा प्रश्न विसरणार नाही.

दुसरा पेच वेगाचा. मेसेज आला की ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये मेथड, म्हणजे त्या मेसेजला उत्तर देणारा कोड, शोधायची, नाही सापडली तर वरच्या क्लासमध्ये, तिथे नाही तर त्याच्याही वर. घरातल्या धाकट्यानं उत्तर माहीत नसलं की थोरल्याला, थोरल्यानं आजोबांना विचारावं, तसा हा शोध वर वर जातो. दर बेरजेला एवढी चौकशी झाली तर भाषा कामाची राहणार नाही. 1984 मध्ये पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनी स्मॉलटॉकसाठी यावर तोड काढली. कोडमधल्या एका जागेवरून जाणारा मेसेज बहुतेक वेळा त्याच क्लासच्या ऑब्जेक्टकडे जातो. म्हणून मागच्या वेळी सापडलेलं उत्तर त्या जागेवरच लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी फक्त क्लास तोच आहे ना, एवढं तपासायचं. याला इनलाइन कॅश म्हणतात. सेल्फ या भाषेवर काम करताना उर्स होल्झले, क्रेग चेंबर्स आणि डेव्हिड अंगार यांनी 1991 मध्ये एकाच जागी अनेक क्लास लक्षात ठेवण्याची सोय केली. चालू प्रोग्राम पाहून त्यातला वारंवार चालणारा, म्हणजे ‘गरम’, कोड पुन्हा कंपाइल करायचा, आणि अंदाज चुकला तर अलगद मागे यायचं, हेही सेल्फमध्येच पक्कं झालं.

सेल्फ बाजारात कधी चालली नाही. पण तिच्यावर काम केलेल्यांपैकी काही जणांनी पुढे एक छोटी कंपनी काढली, सन मायक्रोसिस्टिम्सनं ती 1997 मध्ये विकत घेतली आणि 1999 मध्ये त्यातून जावाचं हॉटस्पॉट आलं. त्याच मंडळींतल्या लार्स बाक यांनी डेन्मार्कमधल्या आरहूस इथे बसून व्ही8 हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन बांधलं. 2008 पासून ते क्रोममध्ये आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे. पायथनची 3.11 ही आवृत्ती 2022 मध्ये सरासरी पाव पटीनं वेगवान झाली, तीही याच कल्पनेच्या जोरावर, 38 वर्षांनी. ‘निखळ ऑब्जेक्टची डायनॅमिक भाषा म्हणजे प्रयोगशाळेतलं खेळणं’ असं म्हणणाऱ्यांनी ही वंशावळ पाहावी. आज जगातला प्रचंड कोड ज्या तंत्रावर धावतो, ते तंत्र या ‘खेळण्याला’ वेग देण्याच्या धडपडीतून आलं आहे.

गार्बेज कलेक्टरबद्दल थोडक्यात. न लागणारे ऑब्जेक्ट शोधून जागा मोकळी करण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी 1960च्या आसपास मांडली. अंगार यांनी 1984 मध्ये दाखवलं, की बहुतेक ऑब्जेक्ट तरुणपणीच मरतात, म्हणून तरुणांचीच जागा वारंवार झाडावी आणि उरलेले उचलून दुसरीकडे ठेवावेत. विद्यार्थ्यानं ऑब्जेक्ट हलवणाराच कलेक्टर लिहावा असा माझा आग्रह आहे, तो अवघड असला तरी. कारण त्यात एकच पॉइंटर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता, नोंदवायचा राहिला तर प्रोग्राम लगेच पडत नाही. हजारो मेसेज नीट जातात आणि मग भलत्याच जागी कोसळतो. कारण आणि परिणाम यांच्यात एवढं अंतर असलेला दोष शोधायची सवय ज्याच्या हाताला लागली, तो कोणत्याही यंत्रणेसमोर घाबरणार नाही.

स्मॉलटॉकचं सगळंच डोळे मिटून घ्यावं असं मात्र मी म्हणत नाही. तिथे सगळं विश्व एका ‘इमेज’ फाइलमध्ये राहतं. चालू ऑब्जेक्ट जसेच्या तसे जपले जातात हे छान, पण चार जणांनी मिळून काम करताना ते अडचणीचं होतं. आपल्या भाषेचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, साध्या फाइलींत असावा. क्लासचा क्लास, म्हणजे मेटाक्लास, आणि शेवटी स्वतःकडेच वळणारं वर्तुळ, हा भाग पहिल्या वर्षी नवख्यांना दमवतो. तो पुढच्या तुकडीसाठी ठेवला तरी चालेल.

आणि एक गोष्ट आपल्याला वेगळी करावीच लागेल, ती म्हणजे मजकूर. ‘मराठीत प्रोग्रामिंग’ म्हटलं की लोक ‘इफ’ऐवजी ‘जर’ लिहिण्यापाशी थांबतात. राखीव नावं सहाच असतील तर त्यांचं भाषांतर एका दुपारचं काम आहे. खरा प्रश्न पुढे आहे. ‘बडोदे’ या शब्दात अक्षरं किती? कोणतंही पोर तीन सांगेल. पायथन सांगते पाच, कारण ती ब, ड, ओची मात्रा, द आणि एची मात्रा असे युनिकोडचे, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचे, पाच सांकेतांक मोजते. यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत तेच 15 बाइट भरतात. हा शब्द उलटा करायला सांगितला तर सुरुवातीला एक मात्रा अक्षराविना लोंबकळते आणि ड वरची ओची मात्रा द वर जाऊन बसते. ‘देडोब’ मिळायला हवं, मिळतं भलतंच.

हे फक्त गमतीपुरतं राहत नाही. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ ही आडनावं घ्या. त्यातला अर्धा ‘ऱ’ तीन तऱ्हांनी साठवला जातो: त्याच्या स्वतःच्या सांकेतांकानं, ‘र’ला नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, जोडून, किंवा ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिले दोन एक करतं, तिसरा वेगळाच राहतो. मतदारयादीत एका तऱ्हेनं टंकलेलं नाव दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं तर सापडणार नाही, आणि कारकून पुन्हा म्हणेल, सिस्टिम घेत नाही. ॲपलच्या स्विफ्टनं मजकुराचं एकक म्हणून सांकेतांकाऐवजी वाचकाला दिसणारं अक्षर धरलं आहे. युनिकोडनं 2023 मध्ये आपली जोडाक्षरं अखंड धरायचे नियम मुख्य प्रमाणात घेतले. म्हणजे रस्ता आहे. ज्या भाषेत मजकूर हा खरा ऑब्जेक्ट आहे, तिथे ‘अक्षरं सांग’, ‘सांकेतांक सांग’, ‘बाइट सांग’ हे तीन वेगळे मेसेज ठेवता येतात आणि समानतेचा निर्णय मजकुरावरच सोपवता येतो. हा निर्णय कॅलिफोर्नियात बसलेल्या कोणाला रोज टोचत नाही. आपल्याला टोचतो, म्हणून तो आपणच नीट घेऊ शकतो.

आता आक्षेपांकडे. पहिला पालकांचा: यानं नोकरी मिळेल का? मला तो रास्त वाटतो. कर्ज काढून फी भरणाऱ्याला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ सांगणं मला पटत नाही. पण ज्या कंपन्या भाषा वापरतात त्याच आज रनटाइमवर पैसे ओततात. पायथनच्या वेगासाठी मायक्रोसॉफ्टनं 2025 पर्यंत माणसं बसवली होती, रुबी या भाषेच्या नव्या कंपायलरवर शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या कंपनीनं काम केलं. या कामाला माणसं कमी आहेत आणि कमीच राहणार आहेत. आणि ज्याला हे काम पुढे मिळणार नाही, तोही मेमरी का फुगते आणि सर्व्हर का अडकतो हे शोधणारा माणूस म्हणून आपल्या टीममध्ये वेगळा उठून दिसेल.

दुसरा आक्षेप नवा आहे. कोड आता एआय लिहितं, मग पोरांनी कशाला शिकावं? मला वाटतं, याच कारणानं शिकावं. यंत्रानं लिहिलेला गार्बेज कलेक्टर शंभर चाचण्या पास होईल आणि एकशे एकाव्या वेळी पडेल. तो का पडला हे सांगणाऱ्या माणसाची गरज वाढणार आहे. विद्यार्थ्यानं एआयची मदत घेतली तरी माझी हरकत नाही, पण परीक्षकासमोर प्रत्येक ओळीची जबाबदारी त्याची.

टाइप-प्रणालीचा, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारची माहिती येईल हे आधीच तपासण्याचा, कैवार घेणारे मित्र म्हणतील, डायनॅमिक भाषेत चूक उशिरा पकडली जाते. खरं आहे. पण गिलाड ब्राखा आणि डेव्हिड ग्रिसवोल्ड यांनी 1993 मध्येच स्ट्राँगटॉक या स्मॉलटॉकच्या आवृत्तीत दाखवलं, की टाइप हवे तिथे लिहावेत, तपासावेत, आणि प्रोग्राम चालण्यावर त्यांचा परिणाम होऊ नये. आज पायथन आणि टाइपस्क्रिप्टनं जी वाट धरली आहे ती त्याच्याच जवळची. पुढच्या तुकड्यांनी असा तपासनीस आपल्या भाषेवर जरूर चढवावा.

‘बडोद्यासारख्या गावात भाषा घडते का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात स्वतःबद्दलचा न्यूनगंड आहे. जपानमधलं मात्सुए सुमारे दोन लाख वस्तीचं शहर आहे. रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो तिथे राहतात. रुबी 1995 मध्ये लोकांपुढे आली, आणि सुरुवातीची वर्षं तिचं लिखाण बहुतेक जपानीतच होतं. शहराच्या प्रशासनानं 2006 पासून रुबीला आपली ओळख मानलं, रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली, परिषदा भरवल्या. रुबी 2012 मध्ये आयएसओचं आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. ल्युआ ही भाषा रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात 1993 मध्ये तयार झाली, ब्राझीलच्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीच्या कामासाठी. ती निखळ ऑब्जेक्टची नाही, पण तिचा अख्खा सोर्स साधारण तीस हजार ओळींत मावतो आणि जगभरच्या व्हिडिओ गेम्समध्ये ती आहे. पायथन ॲमस्टरडॅमच्या सार्वजनिक संशोधन संस्थेत जन्मली. स्मॉलटॉकची आजची वारस फारो फ्रान्समध्ये लिलच्या सरकारी संशोधन केंद्राच्या आधारानं वाढली. आरहूस विद्यापीठानं तर शिकवण्यासाठीच सॉम नावाची चिमुकली स्मॉलटॉक बनवली होती. पेट्रोब्रास जसं विद्यापीठाकडे गेलं तसं आपल्या तेल-खत कारखान्यांनी का जाऊ नये? ते तर विद्यापीठापासून तासाभराच्याही अंतरावर नाहीत.

म्हणून नेमकं काय करावं ते लिहितो. अभ्यासमंडळानं कंपायलरचा विषय एका सत्राऐवजी सलग दोन सत्रांचा करावा. पहिल्या सत्रात बाइटकोड, म्हणजे कंपायलरनं बनवलेल्या सोप्या सूचना, चालवणारं व्हर्च्युअल मशीन, मेसेजचा शोध आणि आकडे. दुसऱ्यात इनलाइन कॅश, कलेक्टर आणि मजकूर. दरवर्षी नव्यानं सुरुवात करून जून महिन्यात सगळं टाकून देऊ नये. एकच भाषा तुकडीमागून तुकडी पुढे न्यावी, जुन्याचे निर्णय नव्यानं वाचावेत, बदलावेत. हे टिकायला विद्यापीठानं किमान दोन कायमच्या जागा द्याव्यात, कंत्राटी नव्हे. दर अकरा महिन्यांनी बदलणारा माणूस रनटाइम सांभाळू शकत नाही. सोर्स पहिल्या दिवसापासून खुला असावा. माहिती गुजराती आणि मराठीत लिहावी. प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला 2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं परवानगी दिली आहे, पण त्या भाषांत वाचावं असं मूळ साहित्य कुठे आहे? दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आजही घरी मराठी आणि बाहेर गुजराती बोलणारी पोरं आहेत, दोन्हींत ती सहज लिहितील.

परीक्षा लेखी नको. विद्यार्थ्यानं आपली भाषा चालू करावी, परीक्षकानं तिच्यात नसलेला एक आकड्याचा प्रकार मागावा, समजा अपूर्णांक. विद्यार्थ्यानं प्रोग्राम न थांबवता तो क्लास लिहावा, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांची बेरीज नेमकी 1 येते हे दाखवावं, आणि मग परीक्षकानं एकच विचारावं, की ही बेरीज चालू असताना कलेक्टर आला असता तर ते दोन ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवले असते.